संधिवाताचे डॉक्टर खरे, की लिव्हरचे?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या चोपन्न वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका लिहितात. तीन वर्षांपासून बोटांची पेरं, मनगटं आणि गुडघे दुखतात, अंगात त्राण नसतं. आरए फॅक्टर बराच वाढलेला निघाला, संधिवात म्हणून रोज दहा मिलिग्रॅम स्टेरॉइड आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू झाली. दीड वर्षानं यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी ९६ वर गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली एएनए तपासणी (शरीराच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची) '१:८० पॉझिटिव्ह' आली आणि 'ऑटोइम्यून हिपॅटायटिस असू शकतो, स्टेरॉइड वाढवावं लागेल' असं बाईंच्या कानावर पडलं; म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली असावी. तेवढ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, आठ लाखांच्या वर. लिव्हरचे डॉक्टर म्हणतात, आधी बारा आठवड्यांचा कोर्स करा. संधिवाताचे डॉक्टर म्हणतात, आमच्या गोळ्या बंद करू नका. धाकट्या जाऊबाई म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झालीय, गुळवेलीचा काढा घ्या. बाईंचा प्रश्न: 'माझं शरीरच माझ्यावर उलटलं असेल, तर विषाणू मारून काय उपयोग? आणि खरा आजार नेमका कोणता?' १९९४ मध्ये मुलीच्या जन्माच्या वेळी रक्तस्राव झाल्यानं बाईंना दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. मुलगा त्यानंतर चार वर्षांनी झाला, आता त्याच्या लग्नाचं चाललंय. आजाराचं नाव फक्त यजमानांना माहीत आहे. बाईंनी स्वतःचं ताट-वाटी वेगळं काढलंय आणि यंदा कैरीचं लोणचं घातलेलं नाही.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात माणसं दिसली: दोन डॉक्टर, जाऊबाई, मुलाचं लग्न. दुसऱ्या वाचनात मी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी अडकले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. दिवसभर वर्गात उभं राहिलं की संध्याकाळी पिंडऱ्यांवर लालसर ठिपके येतात, घामोळं समजून तुम्ही पावडर लावता. घामोळं पाठीवर, मानेवर, काखेत येतं. नुसत्या पिंडऱ्यांवर, तेही शाळेच्या दिवशी उठणारं आणि सुटीत मावळणारं घामोळं मी तरी पाहिलेलं नाही.

आज संध्याकाळी एक करून बघा. काचेचा साधा पेला त्या ठिपक्यांवर दाबा आणि आरपार बघा. साधी लाली दाबल्यावर फिकी पडते. ठिपका तसाच दिसत राहिला, बोटाला किंचित उंच लागला आणि आठवडाभरात तपकिरी डाग मागे ठेवून गेला, तर ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून झिरपलेलं रक्त असण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांची वेळ सकाळची आणि ठिपके संध्याकाळचे. तीन वर्षांत ते कुठल्याच डॉक्टरांना दिसले नसावेत, आणि पायाला पावडर लावलेल्या बाईला कुणी साडी वर करायला सांगत नाही.

सांधेदुखी, अशक्तपणा आणि पायांवरचे हे ठिपके, या तिघांचं त्रिकूट डॉक्टरांना १९६६ पासून माहीत आहे. मेल्ट्झर या संशोधकाच्या नावानं ते ओळखलं जातं. तेव्हा कारण कळलेलं नव्हतं. कसं कळणार? हिपॅटायटिस सीचा विषाणूच १९८९ मध्ये सापडला. तोवर त्या काविळीला 'ए नाही, बी नाही' एवढंच नाव होतं. विषाणू ओळखता येऊ लागला तेव्हा लक्षात आलं की हे त्रिकूट असलेल्या बहुतेकांच्या रक्तात तोच आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मला जरा उलगडून बघावासा वाटतो. 'संधिवात खरा की लिव्हर खरं' या विचारण्यात दोन आजार आहेत आणि त्यातला एक खोटा आहे, हे तुम्ही धरूनच चालला आहात. तुमच्या बाबतीत बहुधा एकच गोष्ट दोन दारांतून बाहेर पडतेय. बहुधा म्हणते, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही. पण तुमचे कागद मला काय सांगतात ते सांगते. पंचवीसेक वर्षं मी पॅथॉलॉजीत काढली आहेत. माणसापेक्षा त्याचं रक्त आधी बघायची सवय लागलेली, ती जात नाही.

आरए फॅक्टर म्हणजे काय, हे कुणी तुम्हाला सांगितलंय का? नावात 'आरए' (संधिवाताच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असल्यामुळे तो संधिवाताचाच पुरावा वाटतो. खरं तर ती अँटिबॉडीविरुद्धची अँटिबॉडी आहे. शरीर विषाणूला पकडायला अँटिबॉडी तयार करतं. विषाणू आणि अँटिबॉडी एकमेकांना चिकटून गुंते होतात, आणि ते गुंते आवळून धरायला दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी तयार होते. हे शरीराचं नेहमीचं काम आहे. एरवी महिना-दोन महिन्यांत जंतू संपतो, गुंते संपतात, कारखाना बंद होतो. हिपॅटायटिस सीमध्ये जंतू संपत नाही. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, त्यामुळे त्याचा चेहरा सारखा बदलत राहतो. कालच्या चेहऱ्यासाठी बनवलेली अँटिबॉडी आजच्या चेहऱ्याला लागू पडत नाही. वर हा विषाणू बी-पेशींच्या, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी८१ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि त्यांना डिवचत राहतो. तुमच्या बी-पेशींना असं तीस वर्षं कुणीतरी दारावर टकटक करतंय. त्यांच्याकडून आरए फॅक्टर बनला यात नवल नाही. सीच्या रुग्णांत तो इतक्या सर्रास सापडतो की नुसत्या त्या आकड्यावर संधिवात ठरवू नये.

खऱ्या संधिवाताला ओळखायला दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. एक अँटी-सीसीपी ही तपासणी, जी सीच्या सांधेदुखीत बहुतेकदा निगेटिव्ह असते. दुसरी हातापायांचे एक्स-रे. संधिवातात काही वर्षांनी हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागतात, सीच्या सांधेदुखीत सहसा तसं होत नाही. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर संधिवाताच्या डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. दोन्ही आजार एकत्र असलेली माणसंही असतात, त्यामुळे तुमचे डॉक्टर चुकलेच आहेत असं मी म्हणत नाही. मात्र मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी बी आणि सीची तपासणी व्हायला हवी होती. तो आजचा शिरस्ता आहे, तुमच्या बाबतीत राहून गेला. हे वाचणाऱ्या आणखी कुणाला अशी गोळी सुरू होणार असेल तर त्यांनी हा प्रश्न आधी विचारावा.

तुमच्या एएनएवर मी फार वेळ घालवणार नाही. १:८० हा आकडा ठणठणीत माणसांतही शंभरात साधारण तेरा जणांना येतो. जुनाट विषाणू अंगात असेल तर त्याहून जास्त. त्यावरून ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणणं म्हणजे पायपोस बघून पाहुणा ओळखणं. त्या आजारात आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा एक प्रकार) बरंच चढलेलं असतं, बायोप्सीत ठरावीक खुणा दिसतात, आणि त्याचे निकष लावताना 'विषाणू नाही' हाच एक गुण मोजला जातो. तो गुण तुम्हाला मिळतच नाही. सीच्या थोड्या रुग्णांत एलकेएम नावाची अँटिबॉडीही सापडते, कारण विषाणूच्या प्रथिनाचे काही तुकडे आपल्या यकृतातल्याच एका प्रथिनासारखे असतात. पहारेकरी चोराला ओळखायला शिकतो आणि त्याच्यासारख्या नाकाच्या शेजाऱ्याला अडवतो, तसं. तेवढ्यावरून सगळी पोलीस चौकी बंडखोर ठरत नाही.

आता ठिपक्यांचं. विषाणू आणि अँटिबॉडीचे ते गुंते थंडीत थिजतात. आपलं खोबरेल डिसेंबरात बाटलीत थिजतं, तसंच. म्हणून त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात, 'क्रायो' म्हणजे थंड. शरीर उबदार असलं तरी पायांत रक्त सावकाश फिरतं, उभं राहिल्यावर आणखी सावकाश. तिथे हे गुंते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, भिंत सुजते, रक्त झिरपतं. सांध्यात तेच, नसांच्या टोकांत तेच, आणि मला जास्त काळजी आहे त्या मूत्रपिंडातही तेच होऊ शकतं.

याची तपासणी आहे, पण ती नेमकी आपल्याकडे बिघडते, म्हणून लांबण लावते. मी ज्या लॅबमध्ये होते तिथे एकदा एका गृहस्थांचा क्रायोग्लोब्युलिनचा नमुना दोन वेळा निगेटिव्ह गेला. सही माझीच होती. तिसऱ्या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, बाई, रक्त आणलं कशात? आमच्या लॅबचा मुलगा घरी जाऊन रक्त घ्यायचा आणि बर्फाच्या डब्यात घालून आणायचा, बाकीच्या नमुन्यांसारखंच. रस्त्यातच सगळं थिजून गाठीबरोबर तळाला बसत होतं आणि आम्ही वरचं स्वच्छ पाणी तपासत होतो. या तपासणीसाठी रक्त ३७ अंशांवरच राहायला हवं: कोमट केलेली नळी, कोमट पाण्याचा थर्मास, गाठ होऊन सीरम वेगळं काढेपर्यंत ऊब. त्यानंतर ते सीरम ४ अंशांवर आठवडाभर ठेवून काही थिजतंय का बघायचं. म्हणून घरी माणूस बोलावून ही तपासणी करू नका. लॅबमध्ये जा, आणि जाण्याआधी फोनवर विचारा की 'नमुना गरम ठेवायची सोय आहे का?' उत्तर देणारा गडबडला तर दुसरी लॅब बघा. जोडीला सी४ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी करून घ्या. या आजारात ती बऱ्याचदा खूप खाली असते आणि तिच्यासाठी थर्मास लागत नाही. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि रक्तदाब, हे तर या आठवड्यातच.

'माझं शरीर माझ्यावर उलटलंय' हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय, म्हणून त्याबद्दलही बोलू. यकृताची नासधूस सी विषाणू स्वतः फारशी करत नाही. त्यानं शिरकाव केलेल्या पेशींना आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी, मारतात, आणि ती दुरुस्ती-मोडतोड वर्षानुवर्षं चालली की व्रण साठत जातात. इतकी वर्षं लढून त्या टी-पेशी थकतात, अर्धवट काम करतात: विषाणू संपवण्याइतका जोर नाही, पण यकृत शांत बसू देण्याइतका आरामही नाही. मग सांगा, अशी प्रतिकारशक्ती कमी की जास्त? जाऊबाईंना ती कमी वाटते, स्टेरॉइड वाढवू बघणाऱ्यांना ती जास्त वाटते. ती पाण्याची टाकी नाही की पातळी बघून नळ सोडावा किंवा बंद करावा.

बी विषाणूत हे आणखी स्वच्छ दिसतं. आपल्याकडे काही जण पांढरी कावीळ म्हणतात ती. जन्माच्या वेळी बाळाला तो लागला तर बाळ आजारीसुद्धा दिसत नाही, प्रतिकारशक्ती त्याला घरचाच समजते, आणि दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. तोच विषाणू धडधाकट तरुणाला लागला तर अनेकदा डोळे पिवळे, उलट्या, महिनाभर अंथरूण, आणि मग शंभरातले पंच्याण्णवहून अधिक जण त्यातून मोकळे होतात. विषाणू एकच. आजार किती दिसतो ते लढाई किती होते त्यावर ठरतं. म्हणून बीच्या रुग्णांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण त्यांचीही पत्रं येतात: स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध दीर्घकाळ घेणार असाल तर आधी बीच्या एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन रक्ततपासण्या करा. दबलेला बी अशा वेळी उसळी मारतो आणि कधी कधी यकृत निकामी करतो. आणि बीच्या चालू गोळ्या, टेनोफोविर असो की एन्टेकाविर, 'रिपोर्ट चांगले आले' म्हणून स्वतःहून सोडू नका.

तुमच्याकडे वळते. तुमच्या दोन डॉक्टरांमध्ये मतभेद का, हे कळलं तर तुम्हाला त्या दोघांचाही राग येणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत सीचं औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सोबत रिबाव्हिरिन. सहा महिने, वर्ष. इंटरफेरॉन विषाणूला थेट मारत नसे, ते प्रतिकारशक्तीला चिथावत असे. कुणात दडलेली ऑटोइम्यून वृत्ती असेल तर ती भडकायची, थायरॉइड बिघडायचा, संधिवात उसळायचा. उलट स्टेरॉइड दिलं की सांधे शांत, पण विषाणू वाढायचा. त्या काळात 'खरा आजार कोणता' हा जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण एकाचं औषध दुसऱ्याचं विष होतं. ते भांडण आता बऱ्याच अंशी मिटलंय. सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीच्या गोळ्या, डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर, विषाणूच्या नक्कल करण्याच्या यंत्रातच काठी घालतात. प्रतिकारशक्तीला त्या चिथावत नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्सनं शंभरात पंच्याण्णवच्या आसपास लोक विषाणूमुक्त होतात. म्हणजे 'आधी ठरवू, मग औषध देऊ' असं अडून बसायची गरज उरलेली नाही. विषाणू संधिवाताचं कारण असेल तर तो गेल्यावर कळेल, आणि नसेल तरी त्याला ठेवून कुणाचं भलं होणार आहे?

त्यामुळे माझं मत लिव्हरच्या डॉक्टरांच्या बाजूनं पडतं. पण संधिवाताच्या डॉक्टरांचं एक वाक्य शंभर टक्के बरोबर आहे: गोळ्या तुमच्या मनानं बंद करू नका. दीड-दोन वर्षं रोज स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळपास थांबवतं. एकदम बंद केलंत तर रक्तदाब कोसळेल, उलट्या होतील, माणूस बेशुद्ध पडू शकतो. ते हळूहळू, लिहून दिलेल्या तक्त्यानुसार कमी करायचं. मेथोट्रेक्सेटचं वेगळं आहे, ते यकृताला त्रास देतं. पुढचा आठवड्याचा डोस घेण्याआधी त्यांना फोन करा, सीचा रिपोर्ट आणि एसजीपीटी वाचून दाखवा आणि 'हा डोस घेऊ का?' एवढंच विचारा. शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे नंबर द्या. पाच मिनिटांच्या बोलण्यानं जे सुटतं त्यासाठी तुम्ही तीन महिने एसटीनं फाइल वाहताय.

कोर्स सुरू होण्याआधी त्यांनी यकृत किती टणक झालंय ते बघितलेलं असावं, फायब्रोस्कॅननं किंवा निदान रक्ततपासणीच्या गणितानं. सिरॉसिस, म्हणजे व्रण साठून यकृत कडक झालेलं, असेल तर औषधांची निवड आणि मुदत कधी बदलते, आणि बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. बी विषाणूची तपासणीही झालेली असावी, कारण सी गेल्यावर दबलेला बी डोकं वर काढू शकतो. आणि तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, मेडिकलमधून तुम्हीच आणता त्यासकट. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची जी गोळी आपल्याकडे घरोघरी घेतली जाते तिच्यामुळे वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही. फिट्सच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, हृदयाचं अमिओडॅरोन, यांचंही या औषधांशी जमत नाही.

खर्चाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण हे वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये 'हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे' असं विचारा. भारतात या गोळ्या खासगीतही परदेशाच्या मानानं फार स्वस्त आहेत, कारण २०१५ पासून त्या इथल्याच कंपन्या बनवतात.

काढ्याचं मात्र मी 'घेतला तर घ्या' असं म्हणणार नाही. गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. कोविडच्या दिवसांत काढ्यांचा सुकाळ होता तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाला हे निष्कर्ष मान्य नव्हते, वाद झाला. पण त्या रुग्णांच्या यकृताचं चित्र बरंचसं ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच दिसत होतं. ज्या बाईच्या बाबतीत 'ऑटोइम्यून आहे की नाही' हाच प्रश्न आहे, तिनं तेच चित्र उभं करणारी वस्तू रोज सकाळी प्यावी का? जाऊबाईंना सांगा, बारा आठवडे डॉक्टरांनी दुसरं काही घ्यायला मनाई केलीय. ते खरंही आहे आणि कुणाचं मनही मोडत नाही. काविळीची माळ किंवा नाकात थेंब घालणारे भेटले तर त्यांना लांबूनच नमस्कार. हळद मात्र खुशाल खा. पिवळी म्हणून काविळीत हळद सोडायची हे तर्कशास्त्र मला कधीच कळलेलं नाही. फक्त हळदीच्या कॅप्सूल नकोत. भाजीतली चिमूट वेगळी आणि अर्काची गोळी वेगळी.

आता घरचं. तुम्ही लिहिता, 'आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, माझ्याच कुठल्या चुकीनं आलं असेल.' १९९४ मध्ये तुम्हाला रक्त चढवलं तेव्हा आपल्याकडे रक्तदात्याची सीसाठी तपासणी सक्तीची नव्हती. ते रक्त चढलं नसतं तर आज हे पत्र लिहायला तुम्ही नसता. त्या दोन बाटल्यांशिवाय दुसरं कारण शोधायची मला तरी गरज दिसत नाही.

आणि त्यातच मुलांचं उत्तर आहे. मुलगी आधी जन्मली, रक्त नंतर चढलं. म्हणजे तुमच्यापासून तिला जन्मतः हा विषाणू मिळण्याचा प्रश्न बहुधा येतच नाही. मुलगा १९९८ चा, तेव्हा विषाणू तुमच्या अंगात असावा. आईकडून बाळाला सी जाण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा इतकंच आहे, पण म्हणून त्याची एकदा तपासणी करून घ्या. लग्न ठरायच्या आधी करा, नंतर धावपळीत नको. निगेटिव्ह आली तर विषय संपला. पॉझिटिव्ह आलीच तर आधी व्हायरल लोड बघायचा, कारण नुसती अँटिबॉडी म्हणजे चालू आजार नव्हे. लोड निघाला तर तोही तीन महिन्यांत बरा होईल, मुहूर्ताच्या कितीतरी आधी. यजमानांचीही एकदा तपासणी करा. नवरा-बायकोत तो क्वचितच जातो, पण मनातली धाकधूक संपते. तुमचा आजार होणाऱ्या सोयऱ्यांना सांगायची गरज मला दिसत नाही, तुमच्या मुख्याध्यापकांना तर नाहीच. दाताच्या डॉक्टरांना आणि ऑपरेशन करणाऱ्यांना मात्र सांगा.

ताट-वाटी परत मांडणीत ठेवा. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, मिठीतून, खोकल्यातून जात नाही. वेगळी ठेवायची ती यजमानांची दाढीची पाती, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर, कारण तिथे रक्त लागू शकतं.

कोर्स संपल्यावर लगेच निकाल लावायचा नसतो. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा. तेव्हा विषाणू सापडला नाही तर तुम्ही बऱ्या झालात. तो कागद लॅमिनेट करून ठेवा, खरंच. अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहील, आणि दर वेळी ऑपरेशनच्या आधी कुणीतरी नवा पोरगा तुम्हाला घाबरवेल. रक्तदान मात्र करू नका.

एका गोष्टीची आधीच कल्पना देते, नाहीतर ऑक्टोबरात मला रागाचं पत्र येईल. विषाणू गेला म्हणून ठिपके आणि दुखणं दुसऱ्या दिवशी जाईलच असं नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं, पण काहींच्या बी-पेशींना दार वाजवणारा गेल्यावरही उठून बसायची सवय राहते आणि क्रायोग्लोब्युलिन वर्ष-दोन वर्षं रेंगाळतं. तेव्हा, आणि तेव्हाच, संधिवाताच्या डॉक्टरांची खरी पाळी येईल. त्यांच्याशी संबंध तोडू नका. मधल्या काळात लघवीला फेस येऊ लागला किंवा ती कोकमाच्या सरबतासारखी दिसली, पावलं सुजली, पाऊल उचलताना चप्पल गळू लागली, बधिरपणा चढत गेला, ठिपक्यांची जखम झाली, मानेत-काखेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. शौचाला काळं झालं किंवा तुम्हाला भलतीच गुंगी येऊन बोलणं असंबद्ध झालं तर तडक दवाखाना. ही ओळ यजमानांना वाचून दाखवा, कारण त्या वेळी तुम्हाला स्वतःला कळणार नाही. शाळेत खुर्ची मागून घ्या. चौथीची मुलं बसलेल्या बाईंचंही ऐकतात.

आणि लोणचं. बाजारात शेवटच्या कैऱ्या अजून असतील तर घाला, शेजारी नेहमीसारखं पाठवा. फोडी करताना बोट कापलं तर पट्टी बांधा आणि रक्त लागलेली फोड टाकून द्या, जशी तुम्ही एरवीही टाकली असती. मीठ मात्र तुमच्या ताटात कमी वाढून घ्या, लघवीचा रिपोर्ट येईपर्यंत तरी.